निमझरी फाट्यावरचं गार पाणी

"हात लावा, मुरलीभाऊ. लावा तर खरं. सकाळी अशी तापली होती, जसं पोराच्या अंगात ताप."

मी हात लावला. काच गार होती. बटण दाबलं तर आत मोटर गुरगुरली आणि धप्पकन पाण्याची बाटली खालच्या खणात पडली. झाकण काढून घोट घेतला, तर दात ठणकले.

"आप्पा, मशीन ठणठणीत आहे. उन्हानं तुमचंच डोकं तापलेलं दिसतंय."

"तुम्ही आले की शहाण्यासारखी वागते ती," लोटनआप्पा म्हणाले. "तुमची पाठ वळली की झाली सुरू. तुम्हाला भिऊ राहिली बहुतेक."

"मला बायको कधी भ्यायली नाही, मशीन काय भिणार!"

बोलून गेलो आणि जीभ चावली. बायको जाऊन तिसरं वर्ष लागलं होतं, पण माझी जीभ अजून ती घरी आहे असंच धरून चालायची. आप्पांना त्याची कल्पना नव्हती. ते खो खो हसले आणि चहा टाकायला घरात गेले.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. अमळनेरला माझं फ्रिज-कूलर दुरुस्तीचं दुकान होतं आणि दुकानामागच्याच खोलीत मी राहायचो. पोटी लेकरू नव्हतं. माणसांशी बोलणं गिऱ्हाइकापुरतं, बाकी सगळं बोलणं मी कॉम्प्रेसरांशी उरकायचो. एखादा हट्टी निघाला की त्याला यथेच्छ शिव्या घालायचो, चालू झाला की त्याची पाठ थोपटायचो. शेजारचे दुकानदार म्हणायचे, मुरली बडगुजरचं फिरलं. फिरलं वगैरे काही नव्हतं. घर खायला उठायचं, म्हणून मी यंत्रांच्या अंगावर बोलायचो.

निमझरी फाटा म्हणजे नकाशावर नसलेली जागा. डांबरी रस्त्याला एक कच्चा रस्ता येऊन मिळतो, तिथं एसटीसाठी पत्र्याची शेड, एक चहाचं हॉटेल आणि जरा आत लोटनआप्पांचं घर. आजूबाजूला नांगरून पडलेली काळी रानं. वैशाखात तिथं उभं राहिलं की वाटायचं, आपल्याला कोणीतरी तव्यावर टाकून विसरून गेलंय. त्या शेडच्या एका अंगाला, घरातून वायर ओढून, आप्पांनी ती मशीन उभी केली होती. सुरतेच्या कुठल्याशा कारखान्याच्या कॅन्टीनमधून भंगारात निघालेली, माझ्याहून हातभर उंच. समोर काच, काचेमागं पिळदार सळ्यांमध्ये अडकवलेल्या पाण्याच्या बाटल्या. पैसे टाकायची खाच मी पहिल्याच फेरीत पत्रा मारून बंद केली होती आणि आतल्या तारा थेट जोडून दिल्या होत्या. बटण दाबा, बाटली घ्या, चालायला लागा. फुकट.

त्या पहिल्या फेरीत मशीनमध्ये खरंच बिघाड होता. मागच्या खालच्या अंगाला तांब्याच्या नळ्यांची जाळी असते, तिच्यात कारखान्याचा कापूस आणि फाट्याची धूळ अशी भरून बसली होती, की त्याची उशी शिवता आली असती. मी ब्लोअर मारून जाळी साफ केली, पंख्याला तेल दिलं, व्होल्टेज कमी पडतं म्हणून स्टॅबिलायझर लावला. दरवाजाच्या रबरात वर्तमानपत्राची पट्टी अडकवून ओढून पाहिली, ती निसटली नाही, म्हणजे रबर घट्ट. गॅस पुरेसा होता. संध्याकाळपर्यंत पाणी गार झालं आणि मी छाती काढून निघालो. पुढच्या आठवड्यात आप्पांचा फोन. मशीन पुन्हा गरम. म्हणून मी ही दुसऱ्यांदा आलो होतो, आणि मशीन माझ्या तोंडावर गार पाणी फेकत होती.

आप्पा चहा घेऊन आले. सत्तरीकडे झुकलेला माणूस, पण पाठ ताठ. मी बशीत चहा ओतत म्हटलं,

"पाणपोईच घालायची होती तर चार माठ मांडायचे, आप्पा. हे धूड कशाला पोसता?"

"हेमराजच्या मायला आवडली होती ना भो."

हेमराज म्हणजे त्यांचा एकुलता मुलगा, सुरतेला असतो, हे मला ठाऊक होतं.

"एकदा सुरतेला गेलो होतो आम्ही दोघं. हेमराजनं तिला कुठल्या तरी मोठ्या दुकानात नेलं. तिथं अशीच मशीन. त्यानं पैसे टाकले आणि म्हणाला, माय, दाब. हिनं दाबलं. आत बाटली अशी पडली धप्पकन, की ही दोन पावलं मागं! म्हणे, आत कोण बसलंय? आणि मग काय हसली, काय हसली... पदर तोंडात कोंबला तरी थांबेना. घरी आल्यावर महिनाभर तेच. आलं-गेलं माणूस धरून सांगायची." आप्पांनी चहा संपवून बशी पालथी घातली. "गेल्या वैशाखात इथंच गेली ती. या शेडमध्ये."

मी हातातली बशी खाली ठेवली.

"डोळे दाखवायला अमळनेरला निघाली होती. एसटी आली नाही. हॉटेलवाला त्याच्या भाच्याच्या लग्नाला. घर हे इतकं जवळ, पण उठलं आणि गाडी आली तर चुकेल, म्हणून बसून राहिली असणार. तिचा स्वभावच तसा. मी घरात पंख्याखाली घोरू राहिलो होतो. एक ट्रकवाला आरोळ्या मारायला लागला तेव्हा पळत आलो. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं. घोटभर गार पाणी मिळालं असतं तर वाचली असती, असं काही ते म्हणाले नाहीत. ते मीच म्हणतो. रोज म्हणतो."

"आप्पा, असं नका धरून बसू."

"आखाजीला पहिली घागर आहे तिची," ते म्हणाले.

अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाझाडाला झोके बांधतात, आणि त्याच दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं नवी घागर भरायची, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, आणि आंबा ठेवायचा. त्या दिवशी त्यांच्या नावानं दिलेलं पाणी त्यांना पोचतं, असं सगळे मानतात.

"घरात घागर भरीन मी. पण तिला पाणी पोचायचं ते इथं पोचायला पाहिजे," आप्पांनी शेडकडे हात केला. "गार. तिच्या आवडीच्या मशीनमधून. आणि त्या दिवशी जर ही बिघडली, तर माझं इथलं अन्नपाणी संपलं समजा. हेमराज यायचा आहे. त्यानं निक्षून सांगितलंय. आखाजीला मशीन चालली नाही, तर घराला कुलूप आणि चला सुरतेला. त्याचंही चुकत नाही. एकट्या म्हाताऱ्याची काळजी वाटते त्याला. पण मी तिथं चौथ्या मजल्यावर बसून कोणाला पाणी पाजू, सांगा?"

मी उगाच मशीनचा मागचा पत्रा काढला, पुन्हा बसवला, आणि निघालो.

पुढचे काही दिवस त्या मशीननं माझी अक्कल गहाण टाकली. आप्पांचा फोन यायचा, पाणी कोमट, मशीनमधून सारखा टक टक आवाज येतो. टक टक म्हणजे कॉम्प्रेसर तापतो आणि जळू नये म्हणून स्वतःच बंद पडतो. जरा निवला की चालू व्हायला जातो, पुन्हा तापतो, पुन्हा बंद. मी म्हणायचो, निघतोच आप्पा. दुकान बंद करून, मोटरसायकलवर अवजारांची पिशवी बांधून पोचेपर्यंत तास-दीड तास जायचा. आणि पाहतो तर मशीन चालू, पाणी गार, आजूबाजूची जागा झाडून सडा टाकलेली, काच पुसलेली, आणि आप्पा धुतलेला सदरा घालून उभे. मी कॉम्प्रेसरचा रिले बदलला. तापल्यावर बंद करणारी ती टिकली बदलली. आत थंडी मोजणारा थर्मोस्टॅट बदलला. गॅस गळतोय का म्हणून सगळ्या सांध्यांना साबणाचा फेस लावून पाहिला, एक बुडबुडा नाही. घरी येऊन हात धुतो न धुतो तोच फोन.

"नशीबच फुटकं आहे माझं," आप्पा फोनवर म्हणाले. "जाऊ द्या मुरलीभाऊ. नका येऊ आता. तुम्ही तरी किती धावणार."

त्यांचा आवाज असा होता की मला रात्रभर झोप लागली नाही. बायको गेल्यानंतरच्या दिवसांत माझाही आवाज असाच झाला होता. लोक विचारायचे, कसा आहेस, आणि मी म्हणायचो, जाऊ द्या.

आखाजीच्या आदल्या दिवशी मला फाट्याच्या पुढच्या गावात एका कुल्फीवाल्याचं काम निघालं. ते आटोपून परत येताना ऊन मी म्हणत होतं. निमझरीवरून जायचंच होतं. आप्पांनी नको म्हटलं होतं, म्हणून फोन केला नाही. शेडच्या मागच्या बाजूनं वळलो आणि मोटरसायकल तिथंच थांबवली.

मशीन नेसलेली होती.

दुसरा शब्द नाही. वरपासून खालपर्यंत तिच्याभोवती हिरवं नऊवारी लुगडं गुंडाळलेलं, मागं खालच्या जाळीवर तर त्याच्या चांगल्या चार-पाच घड्या, आणि सगळं चिंब भिजलेलं. लोटनआप्पा उघड्या अंगानं, हातात लोटा घेऊन, बादलीतलं पाणी तिच्या पाठीवर ओतत होते. आणि बोलत होते.

"घे. अजून घे. हो गार. उद्याचा दिवस लाज राख माझी. मग काय रुसायचं ते रुस."

मला अशी तिडीक आली!

"आप्पा!" मी ओरडलो. "अहो मराल! करंट उतरला तर जागच्या जागी कोळसा होईल तुमचा! वायर आहे ना ती आत!"

मी धावत जाऊन स्विच बंद केला. आप्पांच्या हातातून लोटा पडला. चोरी पकडल्यासारखे ते माझ्याकडे पाहत राहिले.

"हे रोज करता?"

"हो ना."

"मग मी येतो तेव्हा कुठं असतं हे लुगडं?"

"तुम्ही निघतो म्हणाले की काढून ठेवतो. सगळं पुसतो, झाडतो. पाहुणा यायचा तर पसारा दिसायला नको, म्हणून."

मी डोक्याला हात लावला आणि शेडमधल्या बाकावर बसलो. किती दिवस मी त्या मशीनची आतडी बाहेर काढून परत भरत होतो, आणि हा म्हातारा माझ्या पाहुणचारासाठी खरा बिघाड घडी घालून आत ठेवत होता. हसू की रडू कळेना. मग हसूच आलं, आणि इतकं आलं की डोळ्यांत पाणी आलं. आप्पा बिचारे कावरेबावरे झाले.

"काय चुकलं हो? माठाला ती असंच करायची. जुनं लुगडं भिजवून माठाभोवती गुंडाळायची आणि दुपारी त्याच्यावर पाणी मारायची. आमच्या माठाचं पाणी प्यायला लोक वाट वाकडी करून यायचे. ही तापायला लागली तेव्हा मला तेच सुचलं. हे तिचंच लुगडं आहे."

माझं हसणं तिथंच विझलं.

"आप्पा, बसा इथं," मी म्हटलं. "माठ असतो ना, तो घाम गाळून गार होतो. मशीनचं तसं नसतं. मशीन थंडी तयार करत नाही. आतल्या बाटल्यांमधली उष्णता उचलते आणि मागच्या जाळीतून बाहेर टाकते. म्हणून मागं हात धरला की गरम वारा लागतो. ती उष्णता बाहेर जायला वाट लागते. तुम्ही ती वाटच गुंडाळून टाकली. मग ती जाणार कुठं? तिच्याच पोटात साठते. जीव कोंडतो तिचा."

"म्हणजे मी गार करायला जात होतो..."

"आणि ती आत तापत होती."

"मीच?"

"तुम्हाला कसं कळणार, आप्पा?"

आप्पांनी एकदा त्या हिरव्या लुगड्याकडे पाहिलं. मग उठले. मी मदतीला हात पुढं केला तर म्हणाले, राहू द्या. मशीनभोवती फिरत फिरत त्यांनी एकेक वेढा सोडवला. पिळून काढलं. बायका करतात तशी काठाला काठ जुळवून घडी घातली आणि ती ओली घडी छातीशी धरून उभे राहिले. त्यांचा सगळा सदरा ओला झाला असता, पण अंगात सदरा नव्हता.

"एवढंच एक काम राहिलं होतं हो या लुगड्याला," ते म्हणाले.

"घरच्या माठाला गुंडाळा की."

"माठ कुठं आहे? फुटला मागंच. एकट्याला कशाला लागतो माठ."

मी ब्लोअर काढला, जाळी वाळवली, वायर तपासली आणि स्विच लावला. पत्र्याच्या मागून गरम वाऱ्याचा झोत आला. मी आप्पांचा हात धरून त्या झोतासमोर नेला. ते हात तसाच धरून राहिले.

दुसरा दिवस आखाजीचा. दर आखाजीला मी दुकानाचं शटर अर्धं पाडून आत रेडिओ मोठ्यानं लावून बसायचो, गल्लीतल्या झोक्यांवरची गाणी ऐकू येऊ नयेत म्हणून. माझी भावजय दरवर्षी विचारायची, भाऊजी, तिची घागर आमच्यात भरू का? मी नको म्हणायचो. घागर भरली की माणूस गेलं हे कबूल करावं लागतं. माझी तयारी नव्हती. त्या वर्षी मात्र मी शटर पूर्ण पाडलं आणि मोटरसायकल निमझरीकडे वळवली. स्वतःला सांगितलं, एकदा थंडी मोजून येतो.

आप्पा शेडमध्ये होते. पांढरंशुभ्र धोतर, टोपी. मशीनशेजारी कोरी लाल घागर, तिच्यावर डांगर आणि दोन आंबे. पाणी मी पाहिलं, दात ठणकवणारं. हेमराज आदल्या रात्रीच आला होता. चाळिशीचा, पोट सुटलेला, कपाळावर आठ्या. पण माणूस वाईट नव्हता.

"मशीन तर चालली, मिस्तरी," तो मला बाजूला घेऊन म्हणाला. "पण पुढं काय? रोज कोण बाटल्या धुणार, भरणार? आईचं काय झालं पाहिलं ना आपण? उद्या यांना इथं काही झालं तर मला कळायला दोन दिवस लागतील. मला झोप येत नाही हो तिकडं."

"खरं आहे तुमचं," मी म्हटलं. ते खरंच होतं.

पहिली एसटी आली. माणसं उतरली, मशीनकडे पाहिलं आणि निघून गेली. आप्पा म्हणाले, घाईत असतील. दुसरी आली. एकानं काचेला नाक लावलं, पैसे टाकायची खाच शोधली, पत्रा मारलेला पाहिला आणि जोडीदाराला म्हणाला, बंद पडलेली दिसते. दुसरा म्हणाला, हात लावू नको, कंपनीचं असेल काहीतरी. आप्पा पुढं झाले, "घ्या ना, गार आहे, फुकट आहे." त्यांनी आप्पांकडे असं पाहिलं, जणू यात काहीतरी गोम आहे. रस्त्यात कोणी फुकट काही देतंय म्हटलं की माणूस आधी खिसा चाचपतो. तेही गेले.

ऊन डोक्यावर आलं. आत बाटल्या जशाच्या तशा उभ्या. आप्पांचा चेहरा उतरत चालला. हेमराज नुसता वडिलांकडे पाहत राहिला.

मग कच्च्या रस्त्यानं एक बाई आली. पंचविशीची असेल. नव्या बांगड्या, कडेवर लेकरू, हातात पिशवी. माहेरी निघाली होती. शेडमध्ये टेकली, पदरानं लेकराचं तोंड पुसलं आणि विचारलं, "अमळनेरची गाडी गेली का हो?"

"यायची आहे," मी म्हटलं.

आप्पांनी बटण दाबलं. बाटली धप्पकन पडली आणि ती बाई दचकून उभीच राहिली. आप्पांनी बाटली काढून तिच्यापुढं धरली.

"घे माय. पाणी."

"नको बाबा. पैसे नाहीत सुटे."

"पैसे नको. आखाजीचं पाणी आहे."

ते ऐकलं आणि तिचा चेहरा बदलला. पिशवी बाजूला ठेवून, डोक्यावर पदर घेऊन तिनं हात पुढं केला.

"कोणाच्या नावाचं?"

"हेमराजच्या मायच्या."

"तसं नाही बाबा. नाव सांगा. नाव नाही घेतलं तर पोचणार कोणाला?"

आप्पांनी तोंड उघडलं, आणि मिटलं. पुन्हा उघडलं. मला आधी कळेना काय झालं. मग उमगलं. त्या पिढीत नवरा-बायको एकमेकांचं नाव घेत नसत. तिनं ह्यांना 'अहो' म्हटलं असेल, ह्यांनी तिला 'ऐकू आलं का', आणि मुलगा झाल्यावर 'हेमराजची माय'. अख्ख्या संसारात हाक मारायला नाव लागलंच नव्हतं. इतके दिवस मी त्यांच्याशी बोलत होतो, तिचं हसणं, तिचा माठ, तिचं लुगडं, सगळं मला माहीत होतं. नाव माहीत नव्हतं.

"माझ्या आईचं नाव..." हेमराज पुढं सरसावला.

आप्पांनी हात आडवा केला. कपाळावरून घाम ओघळला तो त्यांनी पुसला नाही.

"केसर," ते म्हणाले.

इतक्या हळू, की बाईला ऐकू गेलं नाही. "काय बाबा?"

"केसर!" फाट्यावर सगळ्यांना ऐकू जाईल असं ते ओरडले. "केसर नाव आहे तिचं."

बाईनं बाटली कपाळाला लावली. थोडं पाणी जमिनीवर सोडलं. "केसरमाय, घ्या पाणी," म्हणाली, आणि घटाघटा अर्धी बाटली प्याली. उरलेली लेकराच्या तोंडाला लावली. गार पाण्यानं लेकरू आधी शहारलं आणि मग दोन्ही हातांनी बाटली ओढायला लागलं.

हेमराज मटकन बाकावर बसला. "आप्पांच्या तोंडून आईचं नाव आज पहिल्यांदा ऐकलं मी," मला म्हणाला आणि तोंड फिरवून बसला.

त्यानंतरच्या एसटीत आप्पा थेट खिडक्यांखाली गेले. बाटली वर धरायची आणि म्हणायचं, "आखाजीचं पाणी आहे, केसरच्या नावाचं." पैशांचं कोणी विचारलं नाही. खिडक्यांतून हात बाहेर आले. ड्रायव्हर प्याला, कंडक्टरनं घंटीच मारली नाही. मी मशीनपाशी उभा राहून बटण दाबायला लागलो, हेमराज बाटल्या पोचवायला लागला. मशीन काढून देत होती खरी, पण पाणी घेतलं जात होतं ते आप्पांच्या हातचं आणि त्या नावाचं. केसर, केसर, केसर. आयुष्यभराचं राहिलेलं ते एका दुपारी म्हणून घेत होते.

दिवस कलताना हेमराज सुरतेला एकटाच निघाला. जाताना मला म्हणाला, "मिस्तरी, अधूनमधून येत जा. मशीनसाठी नाही म्हणत मी." मी मान डोलावली.

आप्पा दमून बाकावर टेकले होते. मी अवजारांची पिशवी उचलली तर म्हणाले,

"तुम्ही पाणी नाही प्यायले, मुरलीभाऊ."

उठून त्यांनी स्वतः बटण दाबलं. बाटली घेतली, झाकण काढलं आणि माझ्यासमोर धरली. मग थांबले. माझ्याकडे नीट पाहिलं. मी त्यांना काहीच सांगितलेलं नव्हतं. पण सणासुदीच्या दिवशी दुसऱ्याच्या फाट्यावर दिवस काढणाऱ्या माणसाच्या घरी कोणी नसतं, हे कळायला फार अक्कल लागत नाही.

"कोणाच्या नावानं देऊ?" त्यांनी विचारलं.

केसरच्याच नावानं द्या, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं.

"प्रमिला," मी म्हटलं.

आप्पांनी थोडं पाणी जमिनीवर सोडलं. "प्रमिलाबाई," ते मोठ्यानं म्हणाले, "घ्या, मुरलीभाऊनं आणलंय."

ती गेल्यापासून दुसऱ्या कोणाच्या तोंडून मी ते नाव ऐकलं नव्हतं. माझ्या हातातली पिशवी खाली पडली, पाने-पक्कड सगळं मातीत सांडलं, आणि मी तिथंच रस्त्याच्या कडेला बसून रडलो. आप्पा माझं रडणं होईपर्यंत बाटली हातात धरून शेजारी उभे होते.